दोन शून्यं

"ताई, यंत्र गेलं," असं डॉक्टरांनी फोनवर सांगितलं तेव्हा कुसुमलताच्या आत काहीतरी वर उसळलं. ते काय आहे हे कळायला तिला दोन-तीन क्षण लागले. कळलं तेव्हा ती इतकी ओशाळली की फोन तिने या कानावरून त्या कानावर घेतला. तो आनंद होता. तिने केलेला बोर्ड साक्रीच्या पलीकडे कुठल्याशा पाड्यावर जळून गेला होता, त्याच्यासोबत संस्थेने परदेशातून आणलेलं यंत्र जळलं होतं, एक भला माणूस तिकडून हताश आवाजात बोलत होता, आणि हिला आतून गुदगुल्या होत होत्या. समोर तिचे यजमान फुलचंदजी एका गिऱ्हाइकाला पितळी मापं दाखवत होते. बाहेर दाणा बाजारात हमालांची नेहमीची ओरड चालू होती, जानेवारीचं ऊन दुकानाच्या दुसऱ्या पायरीपर्यंत चढलं होतं. सगळं रोजच्यासारखं होतं. आपल्या चेहऱ्यावर काही दिसत तर नाही ना, असं वाटून ती भिंतीकडे वळली. टेबलावर शंभर वेळा तपासलेली वस्तू तिथे जळली होती. म्हणजे तिथे असं काहीतरी होतं जे तिला ठाऊक नव्हतं. कितीतरी वर्षांत कुणी तिला असं काही दिलं नव्हतं.

ती सदतीस वर्षांची होती. धुळ्याच्या एका कापडवाल्याची मुलगी, जळगावच्या एका तराजूवाल्याची बायको. तिच्याविषयी लोकांना एवढंच माहीत होतं आणि तेवढं पुरतही होतं. मधली एक गोष्ट बहुतेक जण विसरले होते, कधीकधी तीही विसरायची. एकोणऐंशी साली तिने धुळ्याच्या तंत्रनिकेतनातून इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला होता. वर्गात एकतीस मुलगे होते आणि एक ती. निकालानंतर नाशिकच्या एका कारखान्याचं नोकरीचं पत्र आलं. ते पत्र तिच्या वडिलांनी, भिकमचंदजींनी, वाचून गादीवर ठेवलं, वर कापडाचा गज ठेवला आणि दोन दिवस त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. ते रागावले नव्हते, नाही म्हणाले नव्हते. तिने तिसऱ्या दिवशी स्वतःच ते पत्र उचलून ट्रंकेत टाकलं आणि वर्षाच्या आत जळगावला आली. त्यानंतर बारा वर्षं तिने सोल्डरिंग आयर्न हातात घेतलं नाही. मग बाजारात इलेक्ट्रॉनिक काटे आले. ते आले तसे बंदही पडायला लागले, आणि दुरुस्तीचा माणूस पुण्याहून यायला महिना लावायचा. एका दुपारी, दुकान जेवणासाठी बंद असताना, तिने फुलचंदजींच्या पेचकसाने असा एक मेलेला काटा उघडला. आतला हिरवा बोर्ड, त्यावरच्या चंदेरी वाटा, ओळखीच्या रंगीत पट्ट्यांचे रेझिस्टन्स. लहानपणी सोडलेल्या गल्लीत कुणीतरी हाक मारावी तसं झालं. काटा संध्याकाळी चालू झाला. फुलचंदजींनी तो दोनदा तपासला, तिच्याकडे बघितलं आणि दुसऱ्या दिवशी मागच्या खोलीतली पोती हलवून तिथे टेबल टाकून दिलं. ते फार बोलणारे गृहस्थ नव्हते.

डॉक्टर तिच्याकडे आले ते याच टेबलामुळे. अभिमन डॉक्टर शिरपूरकडचे, साक्री तालुक्यातल्या डोंगरपाड्यांवर एका संस्थेतर्फे तान्ह्या मुलांची वजनं घेण्याचं काम करणारे. त्यांच्याकडे चांगले बाळकाटे होते आणि संस्थेने दिलेले दोन हातात मावणारे संगणक, चष्म्याच्या डबीएवढे. वजनं वहीत लिहायची आणि वहीतून संगणकात घालायची, हेच डॉक्टरांना नको होतं. आदल्या साली एका मुलीचं दोन किलो शंभर वजन लिहिताना तीन किलो शंभर झालं. तिचं नाव अशक्त मुलांच्या यादीत आलंच नाही, आणि दोन महिन्यांनी आणली तेव्हा ती जेमतेम वाचली. "लिहिणारीची चूक नाही," डॉक्टर म्हणाले होते, "शंभर पोरं रडत असताना मीही तसंच लिहिलं असतं." त्यांना काट्यातून तार थेट संगणकात न्यायची होती. संगणकाच्या कडेला रबरी झाकणाखाली बारीक टाचण्यांची एक खाच होती. नवे भाग जोडायला ठेवलेली ती जागा, एक्स्पान्शन पोर्ट. अडचण एवढीच, की काटा जे बोलायचा ते बारा व्होल्टांत, कधी अधिक बारा, कधी उणे बारा. आणि त्या परदेशी डबीचा जीव सव्वातीन व्होल्टांचा. काट्याचा आवाज तसाच त्या डबीच्या कानात सोडला तर कान फुटायचा. मध्ये कुणीतरी हळू आवाजात सांगणारं हवं होतं. कुसुमलताने तीन आठवड्यांत तो बोर्ड केला. तांब्याच्या पत्र्यावर मेंदीच्या कोनात नेलपॉलिश भरून तिने वाटा काढल्या, साबणाच्या प्लॅस्टिकच्या डबीत पत्रा रसायनात बुडवून उरलेलं तांबं उतरवलं, आणि बाजारात मिळते ती व्होल्टेज बदलणारी तयार चिप वर बसवली. टेबलावर तो बोर्ड शहाण्यासारखा चालला. पाड्यावर तो नऊ दिवस चालला आणि दहाव्या दिवशी यंत्राला घेऊन मेला.

डॉक्टर फोनवर सांगत होते की दुसरं यंत्र ते तिला विचारल्याशिवाय लावणार नाहीत. गुरुवारी संस्थेची माणसं बघायला येणार होती. तोवर काही झालं नाही तर दोन्ही यंत्रं गुंडाळून परत वह्या काढायच्या, असं ठरलं होतं. "मी येते," कुसुमलता म्हणाली. हे आपण कुणाला न विचारता म्हणालो, हे तिला फोन ठेवल्यावर लक्षात आलं. फुलचंदजी मागे उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "धुळ्याला मुक्काम करावा लागेल," ते म्हणाले. "साक्रीकडे थंडी जास्त आहे. माझा स्वेटर घे, तुझा पातळ आहे."

एरंडोल गेलं, पारोळा गेलं, गाडीच्या खिडकीतून कपाशीची वेचलेली रानं मागे सरकत राहिली, आणि ती डोळे मिटून आपल्याच बोर्डावरून चालत होती. इथून शिरते, इथे वळते, इथे थांबते. एखादीने आपल्या घरातल्या खोल्या अंधारात चाचपाव्यात तशी ती प्रत्येक वाट चाचपत होती, आणि प्रत्येक खोली जागच्या जागी होती. शेजारची बाई मांडीवरच्या टोपलीतली बोरं खात होती. तिने चार बोरं हिच्या हातावर ठेवली. आंबट बोराने दात शिवशिवले आणि त्या शिवशिवण्यात तिला तंत्रनिकेतनातली प्रयोगशाळा आठवली, त्या वासासकट. राळेचा वास, तापलेल्या धुळीचा वास. पहिल्यांदा ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर विजेची हिरवी लाट उमटली होती तो दिवस. तिने बटण फिरवलं की लाट ताणायची, सोडलं की गोळा व्हायची. वर्गातले मुलगे मागे उभे होते आणि तिने चेहरा कोरा ठेवला होता, कारण असं हसू फुटलं असतं की ते तिला आवरलं नसतं. मुलीने यंत्राकडे बघून हसावं हे बरं दिसेल का, याचा तिने तेव्हा खरोखर विचार केला होता. आता आठवून तिला आपलीच गंमत वाटली. आणि लगेच भीतीही वाटली: तिथे जाऊन काहीच सापडलं नाही तर? एक यंत्र गेलं, दुसरंही आपल्या हातून गेलं तर? त्या मुलीचं दोन शंभर आणि तीन शंभर तिच्या डोक्यात एकमेकांवर आपटत राहिलं. ती रात्र तिने माहेरी काढली. वडिलांनी गाडीला गर्दी होती का एवढं विचारलं. कुठे जातेस, का जातेस, हे त्यांनी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही. मंगळवारी सकाळी पहिल्या गाडीने ती कुसुंबा, नेर ओलांडून साक्रीला उतरली आणि तिथून डॉक्टरांच्या जीपमधून पाड्यावर गेली.

केंद्र म्हणजे संस्थेने भाड्याने घेतलेलं दोन खणांचं घर होतं. सारवलेली जमीन, भिंतीला काट्याचं टेबल, शेजारी चार्जरवर बसवलेला दुसरा संगणक. रबरी झाकण घट्ट लावून कुणीतरी वर फडकंही घातलं होतं. ते काम परिचारिका तानुबाईंचं. चाळिशीची, ठेंगणी, हातात सतत काहीतरी असलेली बाई. त्यांनी मेलेलं यंत्र पदराखालून काढून पुढे केलं, एखाद्याच्या घरची काचेची वस्तू आपल्याकडून फुटावी तसं. त्यांनी काहीच वेडंवाकडं केलं नव्हतं. काटा चालू होता, यंत्र चार्जरवर होतं, बोर्डाचं टोक खाचेत खुपसलं, आणि एक बारीक टिचकी ऐकू आली. बस. कुसुमलताने काट्याची वायर बघितली, प्लग बघितला, काहीच सापडेना. तेवढ्यात तिच्या लक्षात आलं की तानुबाई घरात, सारवलेल्या जमिनीवर, चपला घालून उभ्या आहेत. दारातून आलेल्या दोन आयाही तशाच. तिने सहज विचारलं.

"काटाले हात लावा तं झिनझिन करस ना ताई," तानुबाई म्हणाल्या. "म्हणीसन आम्ही बठ्ठ्या चपला घालीसन वजन करतस. पोऱ्हे प्लॅस्टिकना तसराळामा ऱ्हातस, त्यासले काही व्हत नही."

आधी का सांगितलं नाही, असं डॉक्टरांनी विचारलं. तानुबाई गोंधळल्या. त्यात सांगण्यासारखं काय होतं? सवय झाली होती.

कुसुमलताने चपला काढल्या. जमीन गार आणि किंचित ओलसर होती. तिने उजव्या हाताच्या बोटाची पाठ हळूच काट्याच्या लोखंडी अंगाला टेकवली, आणि बोटातून मुंग्यांची एक बारीक रांग कोपरापर्यंत धावत गेली. तिने हात काढला नाही. धुळ्याला, गल्ली नंबर चारमधल्या माहेरच्या घरात सत्तर साली फ्रिज आला होता. उन्हाळ्यात फरशी पुसलेली असली की त्याच्या मुठीला हात लावताच अशाच मुंग्या यायच्या. आई म्हणायची, चपला घालून उघडा. घरातली सगळी माणसं मुकाट्याने चपला घालून फ्रिज उघडायची. आणि ती एकटी, अकरा वर्षांची, दुपारी सगळे झोपले की मुद्दाम अनवाणी जाऊन बोट टेकवून बघायची, की आज येतात का, किती येतात, ओल्या पायाने जास्त येतात का. पुढे इलेक्ट्रिशियनने जमिनीत खड्डा करून तार पुरली आणि मुंग्या बंद झाल्या. तिला तेव्हा वाईट वाटलं होतं. हे सगळं तिला अख्खं आठवलं, त्या फरशीच्या ओल्या वासासकट, आणि ती हसायला लागली. तानुबाईंनी डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टरांनी खिडकीबाहेर बघितलं.

मग तिने मीटर काढलं. एक टोक काट्याच्या अंगाला, एक टोक ओल्या जमिनीला. आकडा शंभराच्या आसपास जाऊन हिंदकळत राहिला. भिंतीतला सॉकेट उघडला तर जमिनीत जायची हिरवी तार दोन बोटं आत जाऊन संपली होती, कशालाच जोडलेली नव्हती. विजेतला जो गाळ काट्याने जमिनीत सोडून द्यायचा, त्याला जायला वाटच नव्हती, म्हणून तो काट्याच्या अंगभर पसरून बसला होता. काटा आपल्या मते शून्यावर होता. संगणकही आपल्या मते शून्यावर होता. दोन्ही शून्यांत शंभर व्होल्टांचं अंतर होतं, आणि ते अंतर भरून काढायला त्यांना सापडली ती तिची केसाएवढी तांब्याची वाट. नऊ दिवस खाचेत आधी शून्याची, म्हणजे जमिनीची, टाचणी टेकत गेली असेल आणि निभावलं असेल. दहाव्या दिवशी आधी दुसरी टेकली. तिने अधिक बारा आणि उणे बारा मोजले होते, सव्वातीन मोजले होते. ते सगळं कुठून मोजतात ते शून्य मात्र तिने मोजलं नव्हतं, कारण जळगावच्या टेबलावर ते एकच होतं. दुकानाचं अर्थिंग फुलचंदजी दर उन्हाळ्यात पाणी घालून जपायचे.

"चूक माझी आहे," ती डॉक्टरांना म्हणाली. "माझा बोर्ड माझ्या घरात चालत होता. तो इथे चालेल का, हे मी इथे येऊन बघायला हवं होतं." हे बोलताना तिला शरम वाटायला हवी होती आणि थोडी वाटलीही. पण पायाला अजून ती गार जमीन लागत होती, बोटात अजून मुंग्या होत्या, आणि तिला एकदम एवढं मोकळं वाटत होतं की त्याचं काय करावं हे तिला समजेना.

डॉक्टर म्हणाले की मग इथे तार पुरली की काम झालं. ती म्हणाली, इथे पुरूच, आजच पुरू, ती पुरल्याशिवाय या काट्यावर एकही पोर ठेवायचं नाही. पण तुमचे पाडे चौदा. तिथल्या भिंतींत काय आहे हे कुणी बघितलंय? बोर्डच असा हवा की दोन शून्यांची गाठ कधी पडूच नये.

खड्डा खणायला उखर्डूबाबा पुढे झाले. त्यांची दहा आठवड्यांची नात गेल्या महिन्यापासून अशक्त मुलांच्या यादीत होती, सून तिला घेऊन वजनासाठी आली होती आणि आज वजन होणार नाही म्हणून ओट्यावर बसून राहिली होती. घराच्या मागे, मोरीचं पाणी जिरतं तिथे, त्यांनी छातीएवढा खड्डा घेतला. त्यात लोखंडी नळी उभी केली, भोवती लोणारी कोळसा आणि खडे मीठ यांचे थर दिले. वर चार हंडे पाणी ओतलं. मिठाचं पोतं बाजारातून डॉक्टरांनी आणलं.

"जमीनले मीठ कसाले चारतस, ताई?" उखर्डूबाबांनी कुदळीला टेकून विचारलं.

"चवीपुरतं," ती म्हणाली, आणि म्हातारा खड्ड्यात उभ्या उभ्या हसला.

तार जोडल्यावर तिने परत अनवाणी उभं राहून काट्याला बोट लावलं. नुसतं गार लोखंड लागलं.

दुपारच्या गाडीने ती धुळ्याला परतली आणि थेट आग्रा रोडवरच्या निंबाभाऊंच्या दुकानात गेली. निंबाभाऊ तिच्या वर्गातले. सतरा वर्षं टीव्ही दुरुस्त करून त्यांना चष्मा लागला होता आणि पोट सुटलं होतं. तिला बघून त्यांनी आधी स्टूल पुसलं, मग चहा सांगितला, आणि मग ओळखलं. तिला काय हवं होतं ते तिने सांगितलं: काळी, सहा पायांची, तांदळाच्या चार दाण्यांएवढी चिप. तिच्या पोटात अलीकडच्या बाजूला एक इवलासा दिवा असतो आणि पलीकडच्या बाजूला त्या दिव्याकडे बघणारा डोळा. मध्ये तार नाही. वीज या काठावर थांबते, फक्त उजेड पलीकडे जातो. नव्या टीव्हींच्या पोटात ती असते हे तिने मासिकात वाचलं होतं. निंबाभाऊंनी कोपऱ्यातला एक मेलेला टीव्ही उताणा केला, भिंगातून बघितलं आणि पाच मिनिटांत ती चिप काढून तिच्या तळहातावर ठेवली. मग आणखी दोन टीव्ही उताणे केले, असू द्या म्हणून.

बुधवार सबंध तिने त्या दुकानात काढला. कागदावर आधी जुनाच बोर्ड काढला आणि त्यात ही चिप बसवायला जागा शोधू लागली. जागा मिळेना. दुपारी कधीतरी तिच्या ध्यानात आलं की काट्याला फक्त बोलायचं आहे. संगणकाला त्याला काहीच सांगायचं नाही. शून्य करायचं बटण तानुबाई हातानेच दाबतात. तिने जायची वाट ठेवली आणि यायची खोडली. मग व्होल्टेज बदलणारी ती तयार चिप खोडली, कारण दिव्याला बारा व्होल्टांचं भय नव्हतं, एक रेझिस्टन्स पुरे होता. तिच्याभोवतीचे चार कपॅसिटर खोडले. उणे बारा आले की दिवा उलटा होऊन मरू नये म्हणून एक डायोड ठेवला. डोळ्याच्या बाजूला संगणकाच्याच सव्वातीन व्होल्टांतून एक रेझिस्टन्स घेतला. दिवा लागला की पलीकडे खाली, विझला की पलीकडे वर, म्हणजे हवं तेच, उलटं करायलाही काही नको. तिने पेन्सिल ठेवली. कागदावर चारच वस्तू उरल्या होत्या. तिला ते खरं वाटेना. पहिला बोर्ड करताना ती घाबरलेली होती आणि भीतीने एकेक वस्तू वाढवत गेली होती, पाहुणे येणार म्हणून बाई पदार्थ वाढवते तसं. आता उरलं होतं ते भाजी-भाकरीएवढं होतं.

निंबाभाऊंनी तो कागद उचलून बराच वेळ बघितला. मग ते म्हणाले, "वर्गात तुम्ही प्रॅक्टिकल आमच्या आधी संपवायच्या आणि खिडकीतून बाहेर बघत बसायच्या. आम्हाला वाटायचं, हिला कंटाळा आलाय. शेठची पोर, वेळ घालवायला येते."

"कंटाळा नव्हता," कुसुमलता म्हणाली. सतरा वर्षांपूर्वीच्या त्या खिडकीतून पांझरेकाठची बाभळीची रांग दिसायची. तिला ती रांग कधी दिसलीच नव्हती. ती खिडकीकडे तोंड करून हसत असायची. "मला आनंद व्हायचा," ती शेवटी म्हणाली. "तो लपवायला बाहेर बघायची."

निंबाभाऊंनी चष्मा काढून पुसला. "मग सांगायचं होतं ना," ते म्हणाले. "आम्हालाही व्हायचा. आम्हीही लपवायचो."

दोघं मग कामाला लागली. मेंदीचा कोन तिने सोबत आणला होता. निंबाभाऊंनी रसायनाची ताटली हलवत ठेवली आणि तिने आयर्न तापवलं. राळेचा धूर नाकात गेला तेव्हा रस्त्यावरून ऊस भरलेल्या बैलगाड्यांची रांग चालली होती. बैलांच्या घंटा, धूर, बोटाला लागणारी आयर्नची ऊब, हे सगळं एकाच जागी, एकाच वेळी होतं. तिला वाटलं, आपण आत्ता इथे आहोत, पूर्ण आहोत, कुठला भाग दुसरीकडे ठेवून आलेलो नाही. असं वाटल्याचं तिला आठवत नव्हतं. शिवाय, हे सगळं उद्या सकाळी परत जळू शकतं, हेही ती विसरली नव्हती. दोन्ही गोष्टी एकमेकींना धक्का न लावता तिच्यात बसल्या होत्या.

गुरुवारी सकाळी केंद्राच्या ओट्यावर आयांची गर्दी होती. संस्थेची माणसं, दोन बाया आणि एक वयस्क गृहस्थ, आत खुर्च्यांवर बसली होती. कुसुमलताने आधी मुद्दाम भिंतीतली हिरवी तार सोडवली. काट्याच्या अंगात मुंग्या परत आल्या, तिने बोटाने खात्री केली. सगळ्यांना तिने काट्यापासून लांब केलं आणि डॉक्टरांना म्हणाली की आधी असंच लावून बघू, सगळ्यात वाईट घरात असतं तसं. डॉक्टरांनी ते शेवटचं यंत्र हातात धरलं होतं. ते देईनात. "हे गेलं तर दुसरं नाही, ताई," ते हळूच म्हणाले.

"माहीत आहे," ती म्हणाली आणि हात पुढे केला.

यंत्र चार्जरवर बसवलं. रबरी झाकण काढलं. कानात रक्ताचा आवाज येत होता, आणि त्या आवाजातून ती टिचकी ऐकू येते का याकडे तिचं सगळं लक्ष लागलं होतं. तिने बोर्डाचं टोक खाचेत खुपसलं. काही झालं नाही. इतकं काहीच झालं नाही की तिला क्षणभर काही कळेना. मग राखाडी पडद्यावर काळे आकडे उमटले: शून्य, टिंब, शून्य, शून्य. तिने टोक काढलं, पुन्हा लावलं. दहा वेळा, वीस वेळा, तिरकं, उलट्या हाताने, घाईत लावल्यासारखं. आकडे प्रत्येक वेळी निमूटपणे येऊन बसत होते. खुर्चीवरच्या वयस्क गृहस्थांनी विचारलं की हे आणखी किती वेळा करणार. "कंटाळा येईपर्यंत," ती म्हणाली. डॉक्टरांनी पहिल्यांदा श्वास सोडला.

मग तार परत जोडली, आणि उखर्डूबाबांच्या सुनेने नातीला काट्यावरच्या पसरट तसराळ्यात ठेवलं. गार लागताच मुलीने चारही हातपाय एकदम उडवले. पडद्यावर आकडे नाचायला लागले: दोन नव्वद, तीन दहा, दोन साठ, तीन पाच. मुलगी रडली की आकडे उडायचे, दम घ्यायला थांबली की खाली यायचे. तानुबाई तिच्यावर वाकून जिभेने टक-टक आवाज करत होत्या. सगळी खोली त्या डबीकडे बघत होती. कुसुमलताला वाटलं, नको थांबायला इतक्यात, अजून थोडं उडू दे. तेवढ्यात मुलीला शिंक आली, ती स्वतःच्याच शिंकेने चकित होऊन गप्प झाली आणि आकडा स्थिर झाला. दोन किलो नऊशे वीस. खाली महिन्यापूर्वीचा आकडा आपोआप आला. दोन किलो तीनशे ऐंशी.

"कितलं भरनं?" सुनेने विचारलं. तानुबाईंनी सांगितलं, आणि अर्धा किलोच्या वर वाढ आहे हेही सांगितलं. सुनेने मुलीला उचलून तिच्या टोपड्याची गाठ सोडली आणि परत बांधली. ओट्यावरून उखर्डूबाबांनी मोठ्याने विचारलं, आणि आकडा बायकांच्या रांगेतून तोंडोतोंडी त्यांच्यापर्यंत गेला. त्या सकाळी बेचाळीस मुलांची वजनं झाली. संस्थेच्या माणसांनी जाताना बाकीच्या तेरा पाड्यांसाठी बोर्ड कधी मिळतील हे विचारलं. तिने मार्च सांगितलं आणि मनात होळीच्या आधी ठरवलं.

संध्याकाळी ती धुळ्याला पोचली तेव्हा भिकमचंदजी दुकानात मांजरपाटाचा ताका गुंडाळत होते. समोर एक शेतकरी गिऱ्हाईक धोतरजोडीची वाट बघत बसलं होतं. तिने चपला काढल्या आणि गादीच्या कडेला बसली. फुलचंदजींचा स्वेटर कोपरापर्यंत मातीने भरला होता. वडिलांनी त्या मातीकडे बघितलं, ताका बाजूला ठेवला.

"निंबा आला होता दुपारी," ते म्हणाले. "त्याने सांगितलं काय ते. चाललं का?"

"चाललं, बाबूजी."

त्यांनी गादीवरचा गज उचलून बाजूला ठेवला. ती वाट बघत होती, पण पूर्वीसारखी नाही. ते काही न बोलले असते तरी तिचं काही कमी होणार नव्हतं, आणि हे कळून तिला हलकं वाटत होतं. तेवढ्यात त्यांनी विचारलं, "पोर किती भरलं?"

"दोन किलो नऊशे वीस. गेल्या महिन्यात दोन तीनशे ऐंशी होतं."

त्यांनी डोळे मिटले. बोटांची पेरं अंगठ्यावरून भरभर सरकली. "तीन शेराच्या वर," ते म्हणाले. "महिन्यात अर्ध्या शेराच्या वर चढलं." डोळे उघडून ते गिऱ्हाइकाकडे वळले आणि एरवी भाव सांगतानाही न काढलेल्या मोठ्या आवाजात त्यांनी तो आकडा त्याला सांगितला.

शेतकऱ्याने हात जोडले. "नात झाली का शेठ तुम्हाला?"

"नाही, नाही," भिकमचंदजी म्हणाले. "आमच्या बाईने मोजलं, या लेकीने." आणि ते मोजणं म्हणजे काय, हे सांगायला त्यांनी धोतरजोडी तशीच बाजूला सारली आणि तिला म्हणाले, "सांग गं त्याला. पहिल्यापासून सांग. मलाही नीट ऐकायचंय."